करंजघाटच्या दगडावरचं नाव

"त्या दगडावर गुल्याचं नाव राहणार असेल, तर माझं पुसून टाका," आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा असा काही मोडला, की आईनं चटकन दह्याची वाटी बाजूला घेतली.

"आबा, दगडात कोरलंय ते. पुसायला शाळेची पाटी आहे का?"

"मग छिन्नी लावा. तू ऑफिसर ना तिथं?"

ऑफिसर कसली डोंबलाची! करंजघाट वीज केंद्रात मी कामगार कल्याण अधिकारी होते. म्हणजे कॅन्टीनच्या वरणात पाणी जास्त झालं, क्वार्टरचा नळ गळायला लागला, कुणाच्या लेकीच्या लग्नाला मांडव हवा असला, की लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. शहाण्णव साली त्यात या दगडाची भर पडली. एकाहत्तरच्या युद्धाला पंचवीस वर्षं होत होती आणि आमच्या सबनीस साहेबांच्या, म्हणजे चीफ इंजिनियरच्या मनानं घेतलं, की त्या वेळच्या कामगारांचं स्मारक व्हायला हवं. कल्पना त्यांची, कौतुक त्यांचं आणि धावाधाव माझी.

स्मारक करण्यासारखं होतं मात्र खरं. करंजघाटच्या अलीकडे दारूगोळ्याचा कारखाना, पलीकडे रेल्वेचं मोठं जंक्शन. दोन्हीकडे वीज आमच्याकडून. युद्ध चालू होतं तोवर आमच्या लोकांनी केंद्र एकदाही बंद पडू दिलं नव्हतं. कोळशाची वाघीण उशिरा आली तर भट्टी जगवली, नळी फुटली तर ओली पोती अंगावर घेऊन आत शिरले.

स्मारक कसं असावं यावरून कमिटीत रणकंदन झालं. एक म्हणाला, गरुड बसवा. दुसऱ्याला बंदूकधारी जवान हवा होता. तेव्हा आबाच कडाडले होते, "आपण बंदूक धरली होती का रे कधी? आपण चाक फिरवलं." मग जुन्या बॉयलरच्या व्हॉल्व्हचं लोखंडी चाक भंगारातून काढलं, घासूनपुसून काळ्या दगडावर बसवलं आणि खाली त्या वेळच्या कामगारांची नावं कोरायला टाकली. तोवर आबा खूश होते. माशी शिंकली ती कोरलेली नावं पाहायला ते स्वतः गेले तेव्हा. 'भागवत धनजी फेगडे', आणि त्याच्या लगोलग खाली 'गुलाब कासम पिंजारी'. दोघं एकाच बॉयलरवर, एकापाठोपाठच्या पाळ्यांना, म्हणून कारागिरानं एकाखाली एक घातले होते.

आता हे गुलाब पिंजारी, म्हणजे आमचे गुलाबचाचा, कोण ते सांगायला हवं. आबांचे जिवलग मित्र. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच सायकलवर डबलसीट गेले. आबांचं लग्न ठरवायला चाचाच मध्यस्थ होते. आणि एकाहत्तरच्या डिसेंबरपासून आबा त्यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते.

वीज केंद्रात एक नियम आहे. नियम कसला, धर्मच म्हणा ना. आपली पाळी संपली तरी बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी आग लागू दे, नाही तर बायको पळून जाऊ दे. बॉयलर एकटा ठेवायचा नाही. त्या दिवशी आबांची सकाळपाळी होती आणि दुपारच्या पाळीला त्यांना सोडवायला चाचा यायचे होते. इकडे आमच्या क्वार्टरमध्ये माझे आजोबा शेवटच्या घटका मोजत होते. मी सहा वर्षांची. मला आठवतं ते एवढंच, की खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता, घरात भरदुपारी अंधार होता आणि आजोबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "भागवत आला का?" आई म्हणायची, "येतायत, मामंजी, पाळी सुटलीच असेल." मी दारात बसून रस्त्याकडे डोळे लावले होते.

आबा आले नाहीत, कारण चाचा आले नाहीत. एक माणूस आजारी, दुसरा गावी, जास्तीचा कोणी नव्हताच. आईचा निरोप गेटवरून दोनदा आत गेला. आबा बॉयलरसमोर उभे राहिले. बॉयलरच्या मजल्यावरून आमच्या क्वार्टरचं छप्पर दिसतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं आणि त्या दिवशी मला डबा गिळवला नाही. अंधार पडता पडता आजोबा गेले.

चाचांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, ताप आला होता. पण त्या दुपारी हवाई हल्ल्याचा सायरन झाला होता आणि चाचांना वाटेत लोकांनी धडधाकट बघितलं होतं. तेव्हा आबांनी आपला निकाल लावून टाकला, की गडी सायरनला घाबरला, कुठल्या तरी चरात जाऊन बसला आणि वर खोटं बोलला. "भ्याला असता तरी मी समजून घेतलं असतं," ते आईला म्हणायचे, "पण खोटं? मला?"

एवढं सगळं झालं तरी बायकांनी काही तोडलं नाही हं. आईचं भरीत चाचींकडे जायचं आणि ईदला चाचींचा शीरखुर्मा मागच्या दारानं यायचा. आबा दोन वाट्या चापायचे आणि विचारायचे, "काय गं, खीर चांगली जमलीय आज?" आई म्हणायची, "हो, जमलीय." रिटायर झाल्यावर दोघांनी घरं बांधली तीही एकाच गल्लीत. सकाळी फिरायला दोघं एकाच वेळी निघायचे. एक या कडेनं, दुसरा त्या कडेनं. एकाला बरं नसलं की दुसरा उगाच चौकात घुटमळत राहायचा. मला तर हसावं का रडावं कळायचं नाही.

तर भाकरीचं महाभारत झाल्यावर मी संध्याकाळी चाचांकडे गेले. ते अंगणात बसून कापूस पिंजत होते. धंदा वडिलांचा, आता नुसता हाताला चाळा म्हणून. मी सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग, गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

चाचांनी धनुकली खाली ठेवली. "काढून टाक बेटा माझं नाव."

"चाचा, अहो, तुम्ही सबंध युद्धभर कामावर होता. एक पाळी चुकली."

"तीच चुकायला नको होती."

"पण का चुकली? खरं सांगा. ताप नव्हता ना?"

त्यांनी कापसाचा एक पुंजका उचलून पुन्हा ढिगावर ठेवला. मग म्हणाले, "ताप होता म्हणून एकदा सांगितलं ना? मग होता. भागवतचं नाव राहू दे, बापाला मुकला तो माझ्यापायी. माझं काढ." आणि आत हाक मारली, "अगं, मंदाला चहा टाक."

चाची चहा घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, पण नवऱ्यानं बघितल्यावर त्यांनी ओठ मिटले. मला इतका संताप आला! एक म्हातारा बोलतो आणि ऐकत नाही, दुसरा ऐकतो आणि बोलत नाही. मध्ये माझं मरण.

सबनीस साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, दोन्ही नावं राहतील. तुमच्या वडिलांना समजवा." समजवा म्हणे! यांनी एकदा येऊन समजवून दाखवावं.

आबांना निर्णय सांगितला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मी येतो कार्यक्रमाला."

मला हायसं वाटलं. पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

"येतो आणि माईकवर सांगतो. सगळ्या गावापुढं. या दगडावर कुणाचं नाव आहे आणि तो त्या दिवशी कुठं होता. मग लोकांनीच ठरवावं, काढायचं का ठेवायचं."

आई म्हणाली, "असं काही बोललात, तर चूल पेटायची नाही या घरात."

"उपास करीन," आबा म्हणाले.

मी त्या आठवड्यात धड झोपले नाही. चाचांची नातवंडं त्याच गावात शिकत होती, थोरला मुलगा आमच्याच केंद्रात फिटर होता. भर सभेत बापाला पळपुटा म्हटल्यावर तो कुठल्या तोंडानं कामावर यायचा? आणि आबा एकदा बोलले की बोलले. परत घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. गेटबाहेरच्या बागेत मांडव, दगडावर भगवी साटीन, समोर खुर्च्या. पहिल्या रांगांत जुने कामगार, इस्त्रीच्या टोप्या घालून, कुणी काठी घेऊन, कुणी नातवाच्या खांद्याला धरून. आबा मधोमध बसले होते. चाचा यायला तयार नव्हते, चाचींनी आणि मुलानं मिळून त्यांना जवळजवळ उचलून आणलं होतं. ते अगदी कडेच्या खुर्चीवर, पळून जाता येईल असे बसले. गावही लोटलं होतं.

सबनीस साहेबांची एक खास कल्पना होती. युद्धातला जुना सायरन अजून शाबूत होता. अकराच्या ठोक्याला पडदा ओढायचा आणि त्याच वेळी सायरन वाजवायचा, त्या दिवसांची आठवण म्हणून. सायरनच्या खोलीत खंडू सपकाळे नावाचा गडी बसवला होता. त्याला बजावून सांगितलं होतं, की बरोब्बर अकरा. खंडू असा इमानी, की त्याला एक काम सांगितलं की दुसरं डोक्यात शिरत नसे.

आता मुख्य पाहुणे मुंबईहून यायचे, म्हणजे वेळेवर येतील हे समजणंच चूक. पावणेअकरा झाले, पाहुण्यांची गाडी अजून रेल्वे फाटकातच अडकलेली. लोक चुळबुळायला लागले. सबनीस साहेबांनी रुमालानं घाम पुसला आणि मला काही कळायच्या आत माईकवर जाहीर केलं, "पाहुणे येईपर्यंत आपले जुने सहकारी श्री. भागवत फेगडे दोन शब्द बोलतील."

मी साहेबांकडे असं बघितलं, की ते दचकले, पण बाण सुटला होता. आबा उठले, टोपी सारखी केली, पायऱ्या चढले. आईनं पदर तोंडाला लावला. चाचांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आबा बोलायला लागले आणि बोलले छान! कोळशाच्या वाघिणी, फुटलेली नळी, सायरनचा नियम. सायरन झाला की गाव चरांमध्ये उतरायचं, पण वीज केंद्राचा माणूस उलटा पळायचा, केंद्राकडे. कारण सायरन झाला की कारखाने एका झटक्यात मशीनं थांबवायचे, रात्र असली तर दिवे मालवले जायचे. मागणी धपकन खाली आली की बॉयलरचा दाब चढायचा आणि तेव्हा जितके हात असतील तितके कमी. "मग घरी असो, बाजारात असो," आबा म्हणाले, "अंगाला साबण लागलेला असो. आमचा सदू कोल्हे टॉवेलावर आला होता!" सभा खदखदून हसली. सदू कोल्हे स्वतः पुढच्या रांगेत बसून लाजत होते.

मला वाटलं, सुटलो. आता उतरतील. पण आबांनी माईकचा दांडा धरला. त्यांचा आवाज बदलला.

"पण मंडळी, सगळेच काही तसे नव्हते. या दगडावर एक नाव असं आहे, की..."

आणि सायरन वाजला.

खंडूच्या घड्याळात अकरा झाले होते, बस्स. पाहुणे कुठे अडकले, कोण बोलतंय, पडदा कुठे, त्याला काय त्याचं! तो जुना सायरन आधी घरघरला, मग असा काही वर चढला की बागेतले कावळे उडाले, पोरं आईला बिलगली आणि सबनीस साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या रांगांमधले म्हातारे उभे राहिले. कुणी कुणाला खूण केली नाही, कुणी विचारलं नाही. सदू कोल्हे, ज्यांना संडासापर्यंत जायला आधार लागायचा, ते काठी टाकून निघाले. हारतुरे खाली पडले. खुर्च्या उलटल्या. सगळे गेटकडे निघाले, कुणी धावत, कुणी फरफटत. मी ओरडले, "अहो, कार्यक्रम आहे! खरा नाहीये तो!" पण ऐकतो कोण? बघते तर आबाही स्टेजवरून गायब. माईक तसाच डुलत होता.

मी पळत गेटशी पोचले. सगळ्यांच्या पुढे होते गुलाबचाचा. कडेच्या खुर्चीवरून उठले ना, म्हणून. आबा त्यांच्या मागोमाग, धापा टाकत. गेटवर नव्यानंच लागलेला एक तरणा गार्ड होता, परगावचा. समोरून पळत येणारी म्हाताऱ्यांची फौज बघून तो बावचळला, त्यानं आडवा बांबू खाली टाकला आणि जो पहिला हाती लागला त्याचा दंड धरला.

"ओ चाचा! कुठं घुसताय? पास कुठाय? नाव काय तुमचं?"

चाचांचा चेहरा एकदम पांढरा पडला. मग त्यांनी असा हंबरडा फोडला, की सायरनच्या आवाजातही मला स्वच्छ ऐकू आला. "पुन्हा अडवतोस? पुन्हा? अरे, सोड मला! तिकडं भागवतचा बाप मरतोय! भागवत अडकलाय तिकडं! त्या दिवशीही हेच केलंत! बिल्ला दाखवला, हातापाया पडलो, तरी म्हणालात, सगळं गाव इकडं पळतंय, मग तू विजेच्या कारखान्याकडं कशाला? नाव काय तुझं? नाव सांगितलं, तर म्हणालात, हेर आहे! रातभर कोंडून घातलंत मला! सोड!"

सायरन उतरत उतरत थांबला. एकदम इतकी शांतता झाली, की चाचांचा श्वास ऐकू येत होता. त्यांना भान आलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मागे बघितलं आणि आबा दिसल्यावर त्यांची मान खाली गेली.

आबा हातभर अंतरावर उभे होते.

"गुल्या," ते शेवटी म्हणाले. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. "ताप आला होता म्हणालास ना रे?"

"मग काय सांगायचं होतं?" चाचा जमिनीकडे बघतच म्हणाले. "युद्ध चालू होतं. 'हेर' हा शब्द एकदा गावात सुटला असता, तर तो परत कुणी पकडून आणला असता? पोरं लहान होती माझी. सकाळी सोडताना फौजदारच म्हणाला, कुठं बोलू नकोस, तुझंच नुकसान."

"गावाला नको सांगू. पण मला? मला सांगायचं होतंस!"

"तुलाच सांगायला आलो होतो, भागवत. चौकीतून सुटलो तो थेट तुझ्या घरी आलो." चाचांनी आता मान वर केली. "तुझ्या दारात तिरडी बांधत होते. तू माझ्याकडं बघितलंस आणि तोंड फिरवलंस. त्या तिरडीपुढं मी माझं काय सांगू?"

मी आबांना रडताना कधी बघितलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हाही ते रडले नव्हते, असं आई सांगते. आता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मागे बाकीचे म्हातारे धापा टाकत उभे. सदू कोल्हे कुणाच्या तरी पाठीला टेकून नाक शिंकरत होते. तेवढ्यात लाल दिव्याची गाडी आली, पाहुणे उतरले, त्यांनी रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि सबनीस साहेब त्यांना काहीतरी समजावत हात हलवायला लागले. ते माझं काम होतं खरं तर, पण मी गेटशीच थांबले.

गार्डनं चाचांचा दंड अजून धरलेलाच होता. बिचाऱ्याला काहीच कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, काय करू? आत सोडू का यांना? कोण आहेत हे?"

मी तोंड उघडणार, तर आबा पुढे झाले. त्यांनी गार्डचा हात धरून चाचांच्या दंडावरून बाजूला केला, बांबू स्वतःच्या हातानं वर उचलला आणि म्हणाले, "माझा रिलीव्हर आहे तो. वाटेत अडवलं होतं त्याला, म्हणून उशीर झाला. जाऊ दे आत."